फुटक्या टाइल्स, कपबशा आणि बांगड्यांचे सामूहिक भित्तिचित्र : या चुका टाळा

सोसायटीच्या कुंपणभिंतीवर किंवा शाळेच्या आवारात सर्वांनी मिळून घरातल्या टाकाऊ वस्तूंचे मोझेक (तुकडे जोडून केलेले चित्र) करण्याची कल्पना आता बरीच रुळली आहे. फुटक्या टाइल्स, कान तुटलेले कप, बांगड्यांचे तुकडे, बाटल्यांची झाकणे असे सगळे गोळा होते, रविवारी मंडळी जमतात आणि भिंत सजते. मात्र पहिला पावसाळा सरला की त्यातले बरेच तुकडे भिंतीच्या पायथ्याशी पडलेले आढळतात. दोष बहुधा गोंदाला दिला जातो. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक चुका पहिला तुकडा चिकटवण्यापूर्वीच झालेल्या असतात.

ऑइल पेंट किंवा डिस्टेंपर दिलेल्या भिंतीवर थेट काम सुरू करणे ही त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक होय. तुकडे चिकटवणारा सिमेंटचा मसाला गिलाव्याला धरायला हवा. तो रंगाला धरतो आणि रंगाचा पोपडा सुटला की त्याच्यासोबत तुकडाही खाली येतो. भिंतीवर पाणी शिंपडून पाहावे. पाणी शोषले गेले तर हरकत नाही. थेंब नुसते ओघळले तर रंग खरवडून भिंतीला टाचे (छिन्नीने खाचा) मारून घ्यावे लागतील. ठोकल्यावर पोकळ आवाज येणारा गिलावा पाडून नव्याने करावा, त्यावर किमान ७ दिवस पाणी मारावे आणि सुमारे ४ आठवडे जाऊ दिल्यावरच मोझेकला हात घालावा. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून टाकणाऱ्या समित्यांना हा अवधी नेमका नको असतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या कामासाठी उत्तम. मे महिन्याच्या उन्हात मसाला नीट आवळण्यापूर्वीच सुकतो आणि मागोमाग पाऊस येतो.

आधी चित्र, मग वस्तू

दुसरी चूक कल्पनेच्या पातळीवरची आहे. कागदावर मोराचे चित्र काढले जाते आणि त्यानंतर निळ्या तुकड्यांचा शोध सुरू होतो. ते पुरेसे मिळत नाहीत, म्हणून दुकानातून नव्या टाइल्स आणून फोडल्या जातात. टाकाऊ वस्तूंच्या नावाखाली नव्या वस्तू फोडणे मला तरी पटत नाही. चंडीगडचे रॉक गार्डन घडवणारे नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी फुटकी भांडी, बांगड्या, विजेच्या जोडणीतले चिनी मातीचे भाग असे सामान जमवून गुपचूप काम सुरू केले आणि १९७६ मध्ये ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. तिथल्या बांगड्यांनी मढवलेल्या पुतळ्यांकडे पाहिले की हाताशी असलेल्या सामानाने आकार कसा सुचवला असेल, हे कळते. म्हणून आधी वस्तू जमवाव्यात, रंग आणि जाडी यांनुसार वेगवेगळ्या क्रेटमध्ये लावाव्यात आणि कोणता रंग किती आहे हे पाहूनच रेखाटन करावे. जाडीकडे दुर्लक्ष झाले तर फरशीचा जाड तुकडा बांगडीशेजारी कड काढून उभा राहतो आणि येता-जाता हाताला लागतो.

सगळे काही भिंतीवर टिकत नाही

प्रत्येक घराने दिलेली वस्तू वापरलीच पाहिजे, या भिडेपोटी बरेच काम बिघडते. सोड्याच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण पावसात गंजते आणि त्याचे तांबूस ओघळ शेजारच्या पांढऱ्या तुकड्यांवर उतरतात. प्लॅस्टिकच्या झाकणांना सिमेंट धरत नाही आणि बहुतेक गोंदही धरत नाहीत. ती वापरायचीच असतील तर स्क्रूने लाकडी फळीवर बसवून फळी आडोशाला लावावी. कपाच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी चकाकी असते, त्यामुळे मागची बाजू घासून खरबरीत करावी आणि तिचा खोलगटपणा मसाल्याने पूर्ण भरावा; आत हवा राहिली तर तिथे पाणी साठते. काचेच्या बांगडीतून मागचा मसाला दिसतो, म्हणून तिच्यासाठी पांढरा टाइल अ‍ॅडहेसिव्ह घ्यावा. आरशांची गोष्ट वेगळी. ओल्या सिमेंटमुळे आरशाचा मुलामा खराब होतो आणि काळे डाग पडतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही त्याला चालत नाही; तसा वास नसलेले न्यूट्रल सिलिकॉन वापरावे.

सुतारकामाचा पांढरा गोंद मात्र बाहेरच्या भिंतीसाठी कोणत्याही परिस्थितीत नको. मुलांना भिंतीपाशी उभे न करता टेबलावर फायबरच्या जाळीवर तुकडे लावायला देणे ही उत्तम सोय आहे, पण तिथेही हाच गोंद वापरला जातो. पावसाचे पाणी मागे शिरले की तो पुन्हा मऊ होतो आणि जाळी भिंतीला व तुकडे जमिनीवर अशी फारकत होते.

तुकडे करण्याचे काम मुलांकडे देऊ नये. मोठ्यांनीही टाइल गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून फोडावी. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे यांत पारा असतो, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. या वस्तू संकलनातूनच वगळाव्यात.

काम झाल्यानंतर

तुकड्यांमधल्या फटी भरताना एकाच वेळी सगळी भिंत माखली जाते आणि पुसायला जाईपर्यंत ग्राउट (फटी भरण्याचा मसाला) तुकड्यांवर घट्ट बसते. हातभर भाग भरावा, ग्राउट थोडे आवळले की ओल्या स्पंजने पुसावा, मगच पुढे सरकावे. पांढऱ्या ग्राउटचा मोह टाळलेला बरा. रस्त्याकडेच्या भिंतीवर ते वर्षभरात कळकट होते, करडे खपून जाते.

काही महिन्यांनी फटींतून पांढरी भुकटी फुटली तर ती भिंतीतल्या ओलाव्यासोबत आलेली क्षारांची पूड असते. ती पाण्याने धुतल्यास पुन्हा वर येते, त्यामुळे कोरड्या ब्रशने झाडावी आणि ओल कुठून येते ते शोधावे. बहुतेकदा भिंतीमागे माती चढवलेली असते किंवा एखादा नळ गळत असतो.

देखभालीचा प्रश्न बैठकीत कुणी काढत नाही. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी असताना रॉक गार्डनचा निधी थांबला आणि तिथे नासधूसही झाली. तिथे हे घडू शकते, तर सोसायटीच्या भिंतीचे काय सांगावे! उरलेले तुकडे रंगवार पिशव्यांत भरून, ग्राउटची छटा चिठ्ठीवर लिहून सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवावेत आणि दरवर्षी पावसाळ्याच्या आधी भिंत ठोकून पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे लेखी सोपवावी.