इंजिन बंद पडल्यावर उतरण्याचा सराव: जाण्याआधी एवढं वाचा

लातूर-नांदेडकडची लेकरं हेलिकॉप्टर शिकायला बाहेर निघाली की मला फोन करतात, “काका, ऑटोरोटेशनची लई भीती वाटते.” ऑटोरोटेशन म्हणजे इंजिनाच्या जोराशिवाय, फिरत्या पंख्यावर खाली उतरणं. वाटू द्या भीती. शिकत असताना त्याच सरावात मी एक हेलिकॉप्टर आडवं पाडलंय. शेजारी बसलेल्या माझ्या गुरुजींचा खांदा मोडला. त्यांचं ते कण्हणं मी विसरलेलो नाही, म्हणून हे लिहितोय.

जत्रेतली भिंगरी आठवा. घेऊन पळालं की फिरते. इंजिन गेल्यावर हेलिकॉप्टर खाली येतं आणि खालून वर येणारी हवा पंखा फिरवत ठेवते. त्यासाठी कलेक्टिव्ह, म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा डाव्या हातातला दांडा, त्याच क्षणी तळाला गेला पाहिजे. शिकायला असतं त्या छोट्या रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरचा पंखा हलका आहे, तो विचार करायला दोन सेकंदसुद्धा देत नाही. हात आधी खाली, विचार मागून. सोबत नाक सरळ ठेवायला उजवं पेडल. मग ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किलोमीटर) वेग, पंख्याचे फेरे ९७ ते ११० टक्क्यांत, साधारण ४० फुटांवर फ्लेअर (नाक वर उचलून वेग मारणं), ८ फुटांवर यंत्र सरळ. हे आकडे झोपेतही आले पाहिजेत.

सरावात मात्र इंजिन चालूच असतं, त्याचा जोर फक्त कमी केलेला असतो आणि शेवटी तो परत घ्यायचा असतो, आणि माझं तिथंच चुकलं. फ्लेअर छान झाला, त्या आनंदात थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारी मूठ) उघडायला उशीर केला. कमी फेऱ्यांचा भोंगा वाजला. घाबरून मी कलेक्टिव्ह ओढला. तेवढ्यात इंजिनानं जोर धरला, नाक उजवीकडे वळलं आणि माझा डावा पाय पेडलवर उशिरा गेला. आम्ही अजून पुढं सरकतच होतो, पण तिरके. डावा स्किड (ज्यावर हेलिकॉप्टर टेकतं ती खालची दांडी) मातीत अडकला आणि पुढच्या क्षणी पंखा जमिनीवर आपटला. इंजिन ठणठणीत होतं, बरं का. खरं संकट आलंच नव्हतं, आम्ही फक्त त्याची तालीम करत होतो.

म्हणून क्रम धरा: थ्रॉटल आधी, कलेक्टिव्ह नंतर, आणि जोर येताना डावा पाय तयार. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०० फुटांवर मनात एक रेघ ओढा. तिथं वेग, फेरे आणि दिशा यांतलं एकही बिनसलेलं दिसलं, तर सावरत बसू नका. तिथूनच इंजिन घ्या आणि पुन्हा वर जा. गुरुजी रागावतील असं वाटतं. चांगले गुरुजी रागावत नाहीत.

परत येऊन इकडं उडणार असाल तर ऊन मोजा. लातूर सुमारे २००० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की इथली हवा जवळपास ५७०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. यंत्र जास्त वेगानं खाली येतं, फ्लेअरला थोडं आधी लागावं लागतं. असा सराव सकाळीच उरका.

आणि तारा. निलंग्यात २५ मे २०१७ ला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून पडलं. सगळे वाचले. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. आपल्याकडं विहिरीगणिक मोटारीची लाईन असते, म्हणून विहीर दिसली की खांब शोधा.

खरंच इंजिन गेलं तर उतरायला रान निवडताना ऊस नको. हरभरा निघालेलं सपाट रान बरं. उतरताना पेरणीच्या तासांच्या दिशेनं उतरा, आडवं नाही, नाहीतर स्किड सरीत अडकतो. पाऊस होऊन गेलेली काळी माती लांबून गुळगुळीत दिसते, पण स्किड धरून ठेवते.

खाली टेकल्यावर इंधन बंद, मास्टर स्विच बंद. पंखा पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नका, आणि बांधावरून पळत येणाऱ्या माणसांना हातानं लांब थांबवा.