सक्युलंटला पावसाळ्यात उपाशी ठेवा

बेळगावची थंड हवा सक्युलंटला, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाला, मानवते. त्याचा जीव घेतो तो इथला पावसाळा. जून ते सप्टेंबर कुंड्या अंगणातून उचलून पत्र्याखाली किंवा पूर्वेच्या खिडकीत आणा. खानापूरकडे तर हे हवंच. अथणीसारख्या कोरड्या भागात एवढी धावपळ लागत नाही.

पाणी वार ठरवून घालू नका. अगरबत्तीची काडी मातीत तळापर्यंत खुपसा. ओलसर निघाली, माती चिकटली, तर पाण्याचं नाव काढू नका. झड लागली की दोन-तीन आठवडे थेंबही नको. नुसती तांबडी माती पाणी धरून बसते, म्हणून निम्मी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे मिसळा. कुंडी मातीचीच घ्या. दुकानातल्या त्या गोंडस बिनभोकाच्या कपांना माझा सक्त विरोध आहे.

पानं सुरकुतली तर झाड तहानलेलं. खालची पानं पिवळट, पारदर्शक होऊन हात लावताच गळू लागली, तर मूळ कुजतंय. अशा एचेवेरियाचा (गुलाबासारखी पानं रचलेलं सक्युलंट) शेंडा धारदार सुरीनं कापा. कापलेल्या देठात तपकिरी ठिपका दिसला, तर अजून वर कापा, पार स्वच्छ हिरवं लागेपर्यंत. मग तो चार-पाच दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीवर ठेवा. मुळं फुटल्यावरच पाणी.

डिसेंबरात जेड या सक्युलंटच्या पानांच्या कडा लाल होतात. तो थंडी-उन्हाचा रंग आहे, औषध मारू नका.