सोलापूरहून मुलाला चित्रीकरणासाठी मुंबईला नेताना
रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडण्यापूर्वी, चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घेतली आहे का, याची खात्री पालकांनी कागद पाहूनच करावी. त्यासाठी सोलापुरात हेलपाटे घालू नयेत. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार १४ वर्षांखालील मुलाकडून दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ३ तासांहून अधिक काम घेता येत नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा व्हायला हवा. पावती मागताना संकोच कशाला? शिवाय मुलाची स्वतःची संमतीही बंधनकारक आहे, आणि पालक नेमके तेच विचारायला विसरतात.