पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) तर काढायलात, पण रेडिओच्या लायसन्सचं काय?

परवा गावाकडच्या एका पोराने विचारलं, दादा विमान उडवायचं लायसन्स काढायलोच आहे तर नुसतं बोलायला अजून एक लायसन्स कशाला? मी पण सुरुवातीला हेच म्हणालो होतो. तर ऐका. विमानातला रेडिओ म्हणजे एक ट्रान्समीटर आहे अन् ट्रान्समीटर वापरायला परवाना लागतो, बस एवढंच. त्यात दोन कागद आहेत, इथंच सगळ्यांचा गोंधळ होतो. पहिला आरटीआर(ए), म्हणजे विमानाच्या रेडिओवर बोलायची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट. दुसरा एफआरटीओएल, हे रेडिओ वापरायचं खरं लायसन्स, डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी महासंचालनालय) देतं आणि त्याला पहिला कागद लागतो. ट्रेनिंग चालू असताना तुम्ही इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली रेडिओवर बोलताच, पण ट्रेनिंग संपून स्वतःच्या जीवावर उडायचं तर एफआरटीओएल हातात पाहिजे.

आधी ही परीक्षा दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा घ्यायची, माझी तिथंच झाली. १९३४ चा जुना एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला अन् त्यात हे काम पण डीजीसीएकडं आलं. म्हणून यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून फॉर्म भरायला जाऊ नका, जुन्या वेबसाइटवर चकरा माराल. पॅटर्न, फी, तारखा डीजीसीएच्या साइटवरच बघायच्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ कुणाच्या काळातली असते देव जाणे.

पीपीएलचं थोडक्यात सांगतो, त्यावर लिहिणारे लई आहेत. वय १७, दहावी पास, क्लास टू मेडिकल, किमान ४० तास फ्लाइंग. आपल्या मराठवाड्यातून पोरं बारामती, जळगाव, गोंदिया नाहीतर तिकडं कलबुर्गीला जातेत. एकच काम आधी करून ठेवा, दहावीच्या मार्कमेमोवरचं नाव अन् आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. वडिलांच्या नावात एका ठिकाणी "राव" अन् दुसरीकडं नाही, एवढ्यावरून माझे दीड महिने गेले. बोर्डाची पडताळणी लागली तर लातूर, नांदेड, धाराशिववाल्यांना लातूर बोर्ड अन् बाकी आपण सगळे संभाजीनगर बोर्ड.

आता मुद्द्याचं. मराठी मिडियमची पोरं या परीक्षेला इंग्रजीमुळं भितेत. मी झेडपीच्या शाळेतला, मी पण भ्यालो होतो. पण खरं सांगू का, आरटी (रेडिओवरचं बोलणं) म्हणजे इंग्रजी नाहीच, पाढे आहेत. ठरलेले शब्द, ठरलेल्या क्रमाने. कॉन्व्हेंटची फाडफाड इंग्रजी बोलणारी पोरं इथं जास्त अडकतेत, कारण ते मधीच आपल्या मनाचं वाक्य घालतेत.

आकडेच बघा. थ्री नाही, "ट्री". फाइव्ह नाही, "फाइफ". फोर "फोअर", नाइन "नायनर", थाउजंड "टाउजंड". खरखरीत रेडिओवर फाइव्ह अन् नाइन सारखंच ऐकू येतं म्हणून ही सोय. शाळेत ट्री म्हणलं की मास्तर हसायचे, इथं ट्री म्हणल्यावर मार्क आहेत! अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली वाली. ही वहीत पाठ करायची नाहीत, गाडीवर जाताना समोरच्या ट्रकची नंबरप्लेट मोठ्याने वाचायची. एमएच २२ दिसलं की "माइक हॉटेल टू टू". परभणी ते जिंतूर एवढ्या रस्त्यात आठ दिवसांत जीभ वळते.

मग कॉलचा क्रम. कुणाला बोलावतोय, मी कोण, कुठं आहे, काय पाहिजे. आपल्या विमानांचा नोंदणी नंबर व्हीटीनं सुरू होतो, समजा व्हीटी-एबीसी असेल तर पहिल्या कॉलला पूर्ण "व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली" म्हणायचं. पुढं टॉवरने (विमानतळावरून विमानांना सूचना देणारे) छोटं करून "व्हिक्टर ब्राव्हो चार्ली" म्हणलं तरच तुम्ही छोटं करायचं, स्वतःहून नाही. बटण दाबायच्या आधी दोन सेकंद ऐका. बटण दाबलेलं असताना तुम्हाला काहीच ऐकू येत नाही अन् दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी वाजते, दोघांचंही वाया.

सगळ्यात महत्त्वाचं रीडबॅक. रनवे, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड), उंची, हेडिंग (कुठल्या दिशेनं जायचं), होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडं थांबा), क्लिअरन्स (परवानगी), हे जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. माझा पहिला अटेम्प्ट इथंच गेला. हेडफोन लावलेला, समोर नकाशा, परीक्षक एटीसी (टॉवरमधला कंट्रोलर) होऊन बोलायलेत. ते म्हणाले रनवे टू सेवन, क्यूएनएच वन झिरो वन टू. मी पेन्सिलीने बरोबर लिहून घेतलं, अन् तोंडातून निघालं "रॉजर सर". संपलं. रॉजर म्हणजे फक्त "ऐकलं", हो पण नाही अन् करतो पण नाही. हो साठी "अफर्म", सांगितलेलं करतो साठी "विल्को". अन् ते "सर" तर क्लासमधून लागलेली सवय, आमच्या क्लासवाल्याला प्रत्येक वाक्यात सर लागायचं, रेडिओवर त्याची काही गरज नाही.

अजून एक, "टेक-ऑफ" हा शब्द. क्लिअरन्स मिळताना, ती परत म्हणताना किंवा रद्द होताना, एवढ्याच वेळी. बाकी सगळीकडं "डिपार्चर". २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर केएलएम अन् पॅन अ‍ॅमची दोन जम्बो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली, अन् त्यात हा शब्द अन् एकाच वेळी झालेलं बोलणं हे पण कारण होतं. परीक्षेत हा प्रश्न नाही आला तरी ही गोष्ट डोक्यात असली की जीभ आपोआप अडते.

सरावाला माणूस पाहिजे, एकट्याने होत नाही. मी धाकट्या भावाला टॉवर केला. तो शेतात बाजेवर कागद घेऊन बसायचा, मी विहिरीपाशी पाठ करून उभा, म्हणजे तोंड बघून अंदाज येऊ नये. तो मुद्दाम मोटर चालू असताना बोलायचा. ऐकू नाही आलं तर "से अगेन" म्हणायचं, अंदाजाने परत म्हणायचं नाही. चुकलं की तो ओरडायचा, "दादा, क्यूएनएच खाल्लं!" आई म्हणायची, दोघांना झपाटलंय.

थिअरीचं भ्या नको. विमानाचा नेहमीचा रेडिओ व्हीएचएफ, ११८ ते १३६.९७५ मेगाहर्ट्झ, इमर्जन्सी १२१.५. स्क्वॉकचे कोड: हायजॅक ७५००, रेडिओ बंद पडला ७६००, इमर्जन्सी ७७००. जीवावर बेतलं तर मेडे तीनदा, नुसती तातडी असली तर पॅन-पॅन तीनदा. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, म्हणून उंची वाढली की रेंज वाढते, फुटातल्या उंचीचं वर्गमूळ काढून १.२३ ने गुणा, नॉटिकल मैल येतात. २५०० फुटाला साडेएकसष्ट, म्हणजे ११४ किलोमीटर, साधारण लातूर ते नांदेड सरळ रेषेत. असं आपल्या गावांवर बसवलं की विसरत नाही. रेडिओ गेला तर टॉवरचे दिवे: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या अन् घिरट्या चालू ठेवा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. पाठांतर करतानाच "का" विचारत जा, परीक्षक पुढचा प्रश्न तोच टाकतेत, एचएफ (व्हीएचएफपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीचा रेडिओ) दूर का जातं वगैरे.

परीक्षेच्या दिवशी दोन पेन्सिली न्या. कोऱ्या कागदावर आधीच उभे रकाने पाडून घ्या, रनवे, वारा, क्यूएनएच, स्क्वॉक, उंची. ऐकताना फक्त आकडे भरायचे अन् तिथूनच वाचून परत म्हणायचे. दुसऱ्या अटेम्प्टला मी हेच केलं. पास झाल्यावर एफआरटीओएलचा अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर ऑनलाइन, अन् सर्टिफिकेटचा स्कॅन सरळ काढा, मोबाइलने वाकडा फोटो काढून टाकला तर परत येतो, माझा आला होता.