प्रोस्टेटची तपासणी: रक्त देण्याआधी आणि दिल्यानंतर या चुका टाळा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका लॅबच्या खिडकीशी मी बरीच वर्षे रिपोर्ट देण्याचे काम केले. वडिलांच्या वाढदिवसाला मुलाने ‘फुल बॉडी’चे पॅकेज भेट द्यावे, त्यातल्या पन्नासेक ओळींत पीएसए (प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत बनणाऱ्या प्रथिनाचे रक्तातले प्रमाण) नावाची एक ओळ असावी आणि तिच्यापुढे 5.8 हा आकडा ठळक छापून यावा, हे मी पुष्कळदा पाहिले. त्या गृहस्थांनी चाचणीचे नावही तोवर ऐकलेले नसे. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे, की आकडा जास्त आला तर काय करायचे हे ठरण्याआधीच रक्त दिलेले असते. साखर जास्त निघाली तर गोड कमी करता येते. पीएसए जास्त निघाला की एमआरआय, बायॉप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणे) आणि कदाचित शस्त्रक्रिया अशी वाट सुरू होते, आणि त्या वाटेवरून मध्येच परतणे घरच्यांच्या धास्तीमुळे आणखीच अवघड होऊन बसते.

ठरवताना लाभ किती आणि किंमत किती, हे दोन्ही समोर असावे. युरोपातील आठ देशांत झालेल्या मोठ्या पाहणीचे 23 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीसाठी बोलावलेल्या पुरुषांपैकी 1.4 टक्के प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावले, न बोलावलेल्यांपैकी 1.6 टक्के. म्हणजे 456 जणांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला, आणि त्या एकामागे 12 जणांना कर्करोगाचे जादा निदान झाले. त्यांपैकी काहींना तो रोग आयुष्यभर जाणवलाही नसता. उपचारांनंतर लघवीवरचा ताबा सुटणे किंवा लैंगिक क्षमता जाणे, ही किंमत काहींना मोजावी लागते. लाभ खरा आहे, पण लहान आहे. तो घ्यावासा वाटणारा माणूस आणि नको म्हणणारा माणूस, दोघेही समंजस असू शकतात. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने 2018 मध्ये 55 ते 69 वयोगटासाठी हा निर्णय डॉक्टरांशी बोलून ज्याचा त्याने घ्यावा असे म्हटले, आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी करू नये असा सल्ला दिला. आपल्याकडच्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, प्रोस्टेटचा नाही. तेव्हा पॅकेजमध्ये चाचणी आहे म्हणून ती आवश्यकच असेल, असे समजू नये.

वयाचा घोळ तर नेहमीचाच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या आजोबांचे रक्त हौसेने तपासले जाते आणि ज्याच्या वडिलांना हा कर्करोग झाला होता तो सेहेचाळीस वर्षांचा मुलगा मात्र बाहेर बाकावर मोबाइल पाहत बसतो. वडील किंवा सख्ख्या भावाला हा रोग असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, म्हणून अशांनी हा विषय डॉक्टरांकडे 55 च्या बराच आधी काढावा. आई, बहीण, आत्या यांचा स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोगही सांगावा, कारण बीआरसीए 2 या जनुकातील दोष दोन्हीकडे धोका वाढवतो. आमच्या घरांमध्ये आत्याचा आजार ‘पोटाचा काहीतरी’ म्हणून झाकला जातो. डॉक्टरांसमोर तरी तो उघड करावा.

रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते म्हणजे कर्करोगच, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक वेळा ती वयाबरोबर होणारी प्रोस्टेटची साधी वाढ असते, आणि सुरुवातीचा कर्करोग सहसा काहीच लक्षण दाखवत नाही. लघवीतून रक्त आले तर मात्र तपासणी करावी की नाही हा प्रश्नच उरत नाही. थेट डॉक्टर गाठावेत.

नमुन्याची वेळ चुकली तर आकडा फसवतो. लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल किंवा लघवीसाठी नळी घातली असेल तर पीएसए वाढतो, म्हणून सुमारे सहा आठवडे थांबावे. वीर्यपतन आणि लांबवर सायकल चालवणे चाचणीआधी दोन दिवस टाळावे. रविवारी पहाटे सायकलवर दूर जाऊन सोमवारी रक्त द्यायला येणारे हौशी लोक खिडकीशी हे कधीच सांगत नसत. उलट, प्रोस्टेटच्या वाढीवर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळीने आकडा सहा-एक महिन्यांत जवळपास निम्म्यावर येतो. एक काका 3.1 चा रिपोर्ट हातात घेऊन समाधानाने निघाले होते. सुटे पैसे काढताना त्यांच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांची अर्धी पट्टी काउंटरवर पडली, तिच्यावर फिनास्टेराइड लिहिलेले. त्यांचा खरा आकडा सहाच्या आसपास धरायला हवा होता, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या हाती फक्त कागद जाणार होता. केस गळू नयेत म्हणून हीच गोळी कमी मात्रेत घेणाऱ्यांनीही ती सांगावी.

पीएसए 4 च्या वर गेला की तो वाढलेला असे सहसा धरतात, पण 4 हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. पीएसए वाढलेल्या चार पुरुषांपैकी सुमारे तिघांना कर्करोग नसतो, आणि 4 च्या आत असूनही तो असू शकतो. एका रिपोर्टवरून घाबरून बायॉप्सीची तारीख घेऊ नये. काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी, आणि तरीही आकडा चढाच राहिला तर बायॉप्सीआधी एमआरआय करता येईल का, हे यूरोलॉजिस्टना विचारावे.

निदान झालेच तरी लगेच शस्त्रक्रियेची घाई करणे ही पुढची चूक. ग्लीसन 6 (बायॉप्सीत कर्करोग किती आक्रमक दिसतो याचा गुणांक) सारख्या सौम्य प्रकारात ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि बायॉप्सी करत नजर ठेवणे हाही उपचाराचाच मार्ग आहे. ब्रिटनमधील एका अभ्यासात प्रोस्टेटपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्यांना नजर, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागले होते. 15 वर्षांनंतर तिन्ही गटांत सुमारे 97 टक्के पुरुष या रोगाने दगावलेले नव्हते.

चाचणी पुन्हा करायची झाल्यास शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. मूळ कागद फायलीत ठेवावा आणि त्याच्या कोपऱ्यात त्या दिवशी चालू असलेल्या गोळ्यांची नावे पेनने लिहावीत.