शंभर वर्षांपूर्वीचा डोंगरी पॅनोरामा त्याच जागेवरून पुन्हा कसा टिपावा

कॅनडाचे सर्व्हेअर जनरल एदुआर देव्हील यांनी १८८० च्या दशकात रॉकी पर्वतात मोजणीला निघालेल्या माणसांच्या हाती थिओडोलाइटबरोबर (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) कॅमेराही दिला. माथ्यावर चढायचं, चहूबाजूंचं दृश्य काचेच्या प्लेटांवर टिपायचं आणि नकाशा पुढे कचेरीत बसून त्या फोटोंवरून काढायचा. हीच पद्धत घेऊन सर्व्हे ऑफ इंडियाचे ऑलिव्हर व्हीलर १९२१ मध्ये तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टपाशी गेले. मोजणीसाठी काढलेल्या अशा फोटोंचा आजचा उपयोग मोठा आहे. त्याच जागेवरून नवा फोटो काढला, की हिमनदी किती हटली, जंगल किती वर चढलं, ते समोरच दिसतं.

१. फोटो निवडा. सर्वेक्षक मॉरिसन ब्रिजलँड यांनी १९१५ मध्ये कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या जॅस्परच्या परिसरात काढलेले फोटो नव्वदच्या दशकाअखेरीस पुन्हा टिपायला सुरुवात झाली. असे जुने-नवे जोडफोटो माउंटन लेगसी प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ज्या फोटोत अगदी पुढ्यात कातळ किंवा मोठा धोंडा आहे, तोच घ्या. झाडांचा एवढ्या वर्षांनी भरवसा नाही. नुसती दूरची शिखरं असलेला फोटो देखणा असतो, पण जागा शोधायला कुचकामी.

२. घरी बसून अंदाज बांधा. गूगल अर्थवर डोंगर तिरपा करून फोटोशी जुळवा. ऐन माथ्यावरच अडून राहू नका. खालची दरी झाकली जात असेल, तर कॅमेरा धारेच्या कडेला सरकवावाच लागतो. फोटोची मोठी कागदी प्रत सोबत ठेवा, थंडीत मोबाइल कधी मान टाकेल सांगता येत नाही.

३. जागा पक्की करा. सगळा वेळ इथेच जातो आणि जाऊ द्यावा. जुन्या फोटोत जवळच्या धोंड्याचं टोक दूरच्या कोणत्या खिंडीसमोर येतं ते हेरा. आता प्रत्यक्षात पाहा. टोक खिंडीच्या डावीकडे गेलेलं दिसलं तर तुम्हीही डावीकडे सरका, उजवीकडे दिसलं तर उजवीकडे. उंचीलाही हाच नियम: टोक मागच्या धारेच्या मानाने जास्त खाली दिसत असेल तर कॅमेरा खाली घ्या. उलट जायचा मोह होतो, म्हणून हे घरी दोन बाटल्या मांडून एकदा करून बघा. मग मागे-पुढे. जवळच्या दोन दगडांमधलं अंतर आणि दूरच्या दोन शिखरांमधलं अंतर कागदावर मोजून त्यांचं गुणोत्तर काढा. तेच कॅमेऱ्याच्या पडद्यावरही काढा. झूम कितीही असला तरी हे गुणोत्तर बदलत नाही. तुमचं जास्त आलं तर तुम्ही फार पुढे आलात, मागे व्हा. धोंडा चार-पाच पावलांवर असेल तर कॅमेरा वीतभर सरकला तरी फरक कळतो.

४. कॅमेरा समपातळीत लावा. देव्हील यांच्या कॅमेऱ्याच्या चौकटीला खाचा होत्या. क्षितिजरेषा कुठे येते ते त्यांच्यामुळे प्लेटवरच उमटे. आपल्याला ट्रायपॉडवरचा पाण्याचा बुडबुडा पुरे. मोबाइलचा पॅनोरामा मोड मात्र वापरू नका. तो सरळ रेषा वाकवतो, मग मोजमाप कशाचं करणार? फोकस आणि एक्स्पोजर पक्कं करून सुटे फोटो घ्या. एका फोटोत साधारण ६० अंश मावत असतील तर दर वेळी ४५ अंशच फिरा. आठ फोटोंत फेरी पुरी होते आणि जोडायला कडा उरतात.

५. वेळ साधा. जुन्या फोटोतल्या सावल्यांवरून दिवसाचा प्रहर कळतो, तारीख सर्वेक्षकाच्या डायरीतून मिळाली तर उत्तमच. ताजं बर्फ पडलेलं असेल तर हिमनदीची कड दिसत नाही. उन्हाळा सरतानाचे दिवस त्याला बरे.

६. नोंद करा: जीपीएस, कॅमेऱ्याची जमिनीपासून उंची, लेन्स, वेळ. सर्वेक्षकांनी रचलेली दगडांची रास सापडली तर तिचाही फोटो घ्या, दगड हलवू नका. जोडलेला पॅनोरामा लोकांना दाखवायला ठीक. सुटे, न कापलेले फोटो वेगळे जपा, कारण मोजमाप त्यांच्यावरूनच होतं.