जिप्सीला एमपीएफआय इंजिन: काय बघून निवडलं

रोज चालवायच्या कार्ब्युरेटरवाल्या 1.3 लिटरच्या मारुती जिप्सीला मी जिप्सीचंच 16 व्हॉल्व्हचं जी13बीबी इंजिन निवडलं. हे एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारं. मारुती एस्टीम कारचं स्वस्तात मिळतं, पण ते आडवं बसणारं, जिप्सीत इंजिन उभं, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं. माउंटिंग आणि मॅनिफोल्ड (हवा आत नेणारे, धूर बाहेर काढणारे नळ) जुळवण्यातच वाचलेले पैसे जातात.

घेण्याआधी इंजिन गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. चारही सिलिंडरमधला फरक 1 बारच्या आत हवा. ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग आणि सेन्सर त्याच इंजिनाचे घ्या. जुना मेकॅनिकल पेट्रोल पंप इथे कुचकामी: इंजेक्टरना सुमारे 3 बार दाब लागतो, म्हणून इलेक्ट्रिक पंप आणि इंजेक्शनच्या दाबाचे पाइप टाका. साधा पाइप क्लॅम्पपाशी पाझरतो, मग आगीची भीती. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप इंजिन बाहेर असतानाच बदला. आरटीओची परवानगी मात्र आधी. आरसीवर नवा इंजिन नंबर चढायला हवा.